मॉर्फोचं कौतुक, लष्करी अळीचा धसका, पण निकाल पंख बघून नको

निळं मॉर्फो फुलपाखरू प्रत्यक्ष नाही तरी फोटोत तुम्ही नक्की पाहिलेलं असणार. जंगल किती सुंदर असतं हे दाखवायचं असलं की पोस्टरवर, कॅलेंडरवर, मोबाईलच्या वॉलपेपरवर हमखास तेच येतं, तळहाताएवढे झगझगीत निळे पंख आणि काळी किनार. आणि दुसरीकडे मक्यावर पडणाऱ्या अमेरिकन लष्करी अळीचा पतंग, पंख पसरले तरी जेमतेम साडेतीन-चार सेंटीमीटर, राखाडी-तपकिरी, समोर भिंतीवर बसला तरी कुणाचं लक्ष जाणार नाही असा. त्याचं नाव येतं ते फक्त कीटकनाशकाच्या जाहिरातीत नाहीतर कृषी खात्याच्या इशाऱ्यात.

आता हे दोघं मुळात एकाच भागातले आहेत, अमेरिका खंडांच्या उष्ण पट्ट्यातले. दोघंही लेपिडोप्टेरा गणातले, म्हणजे ज्यांच्या पंखांवर खवले असतात ते. दोघांचंही आयुष्य अंडं, अळी, कोष, प्रौढ असंच जातं आणि दोघांच्याही अळ्या पानं खाऊनच मोठ्या होतात. आणि दोघंही समुद्र ओलांडून लांबलांब पोचलेत, एकाचे कोष फुलपाखरांच्या प्रदर्शनांसाठी कापसात पॅक करून, पैसे मोजून, विमानाने मागवले जातात, आणि दुसरा कुणीही न बोलावता पोचलाय आणि आता त्याला कुठूनच हाकलता येत नाहीये.

माझं म्हणणं एवढंच आहे की कुठला कीटक जपायचा आणि कुठला मारायचा हा फक्त आवडीनिवडीचा प्रश्न नाहीये, त्यावर सरकारी पैसा जातो, त्यावरून शेतात विष पडतं, पाण्यात उतरतं, माणसांच्या अंगावर उडतं, आणि असा निर्णय जर आपण पंख बघून घेणार असू तर तो चुकणार. तो चुकतोय. पंखांऐवजी आपण काय पेरलंय, कुठे पेरलंय आणि त्या किड्याला खाणारं आजूबाजूला कोण उरलंय हे बघून तो घ्यायला हवा.

आधी मॉर्फो नीट बघू, कारण त्याच्यावर माझा अजिबात राग नाही, उलट जेवढं बघावं तेवढं ते जास्तच आवडतं. त्याच्या पंखात निळा रंगच नसतो. म्हणजे निळं रंगद्रव्य नसतं. पंखावरच्या प्रत्येक खवल्यावर बारीक उभ्या रेघा असतात आणि रेघ आडवी कापून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितली तर देवदाराच्या फांद्यांसारखे एकावर एक थर दिसतात, कायटिनचा, म्हणजे कीटकांचं कवच ज्याचं बनतं त्याचा थर, मध्ये हवा, परत कायटिन. त्या थरांवरून परतणारा उजेड एकमेकांत मिसळताना निळा तेवढा जोर धरतो. पंखावर अल्कोहोलचा एक थेंब टाकला की तेवढाच भाग हिरवा होतो, कारण थरांमधल्या हवेची जागा अल्कोहोल घेतं, आणि ते उडून गेलं की निळा परत येतो. आणि पंखांची खालची बाजू? साधी तपकिरी, त्यावर डोळ्यांसारखे गोल ठिपके. म्हणून ते उडताना निळं-तपकिरी-निळं असं लुकलुकत जातं आणि पाठलाग करणाऱ्या पक्ष्याला ते नेमकं कुठे आहे हे कळत नाही, आणि पंख मिटून बसलं की एकदम वाळक्या पानासारखं, आपल्या राखाडी पतंगापेक्षा फार काही वेगळं दिसत नाही.

प्रौढ मॉर्फो फुलांवर फारसं जात नाही, सडक्या फळांचा रस, झाडांतून पाझरणारा चीक यावर जगतं. त्याच्या अळ्या मुख्यतः शेंगावर्गीय झाडांची पानं कुरतडतात, आणि कमी जागेत जास्त झाल्या तर एकमेकींनाही खातात. अमेरिकेत बाहेरून मॉर्फो आणून प्रदर्शनात ठेवायचं असेल तर कृषी खात्याचा परवाना लागतो, तोच परवाना जो वनस्पतींना अपाय करू शकणाऱ्या किड्यांसाठी असतो, आणि जागा अशी बंदिस्त लागते की एकही बाहेर निसटणार नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी मॉर्फोची अळीसुद्धा संभाव्य कीडच आहे, आणि मला वाटतं या बाबतीत कायदा आपल्यापेक्षा शहाणा आहे, तो पंख बघत नाही, तोंड बघतो.

आता लष्करी अळी. तिची मादी मक्याच्या पानावर शंभर-दोनशे अंड्यांचा पुंजका घालते आणि वरून स्वतःच्या अंगावरचे खवले चिकटवून झाकून टाकते, त्यामुळे तो बुरशी आल्यासारखा दिसतो. आयुष्यभरात एका मादीची साधारण दीड हजार अंडी होतात. बाहेर आलेल्या बारीक अळ्या पानाचा एकाच बाजूचा हिरवा भाग खरवडून खातात, दुसऱ्या बाजूचा पापुद्रा तसाच राहतो, म्हणून पानावर काचेच्या खिडक्या लावल्यासारखे पांढुरके चट्टे दिसतात. मग काही अळ्या रेशमाच्या धाग्याला लटकून वाऱ्याने शेजारच्या झाडांवर जातात, आणि जरा मोठी झाली की अळी पोंग्यात, म्हणजे झाडाच्या मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत शिरते. पोंग्यात शेवटी बहुतेक एकच मोठी अळी सापडते, कारण बाकीच्या तिने खाल्लेल्या असतात. पोंगा उघडला तर आत लाकडाच्या भुश्यासारखी ओली विष्ठा ठासून भरलेली, तिच्या खाली अळी, आणि पान बाहेर उलगडत गेलं की त्यावर ओळीने भोकं. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके ही तिची ओळख. वर पडलेली फवारणी त्या विष्ठेच्या बुचामुळे अळीपर्यंत नीट पोचतच नाही, म्हणून मग माणूस परत फवारतो, जास्त फवारतो.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल की मग दोघी सारख्याच, दोघींना जगू द्या. मी तसं अजिबात म्हणत नाहीये. फरक आहे आणि तो मोठा आहे. मॉर्फोच्या अळीला ठरावीक झाडं लागतात, लष्करी अळीला ३५० हून जास्त वनस्पती चालतात. मॉर्फोला अंड्यापासून आयुष्य संपेपर्यंत चार महिन्यांच्या आसपास लागतात, लष्करी अळीची उबदार हवेत महिनाभरात एक पिढी होते. मॉर्फो स्वतःच्याच जंगलात राहतं, लष्करी अळीचा पतंग वारा मिळाला तर एका रात्रीत १०० किलोमीटर जाऊ शकतो. थंडीत झोपून राहण्याची सोय तिच्याकडे नाही, त्यामुळे उत्तर अमेरिकेत ती कडाक्याच्या हिवाळ्यात मरते आणि फ्लोरिडा, टेक्सासच्या दक्षिण टोकाला जेवढी उरते तिथून दरवर्षी नव्याने उत्तरेकडे सरकते. पण हे जे सगळे फरक आहेत ना, खादाडपणा, वेग, लांब उडणं, यातला एकही पंखांच्या रंगाशी संबंधित नाही, आणि यातला एकही तिने आपल्याला त्रास द्यायला कमावलेला नाही. या गुणांना आपण क्षितिजापर्यंत एकच पीक, एकाच वयाचं, एकाच वेळी पेरून दिलं, तेव्हा त्याचं संकट झालं. जेम्स एडवर्ड स्मिथने या पतंगाचं वर्णन १७९७ मध्ये केलं होतं, म्हणजे हा काही अचानक उगवलेला प्राणी नाही.

सुंदर म्हणजे चांगला आणि मळकट म्हणजे कीड हे समीकरण कुठे कुठे फसतं ते बघा. लिंबावरचं फुलपाखरू, पॅपिलिओ डेमोलियस, काळ्या-पिवळ्या नक्षीचं आणि तांबड्या ठिपक्याचं, कुठल्याही पोस्टरवर शोभेल असं, पण त्याच्या अळ्या लिंबूवर्गीय रोपवाटिकेतली कोवळी रोपं बोडकी करून ठेवतात, आणि २००४ मध्ये ते मूळ आशियातून थेट कॅरिबियनमधल्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये सापडलं तेव्हा तिकडच्या बागायतदारांना फुलपाखरू बघून आनंद झाला नव्हता. कोबीवरचं पांढरं फुलपाखरू तर जगभरातली नावाजलेली कीड आहे. उलट मादागास्करचा सनसेट मॉथ हा पतंग असूनही इतका रंगीत आहे की १७७३ मध्ये ड्रू ड्रुरीने त्याचं वर्णन केलं तेव्हा त्याला फुलपाखरांच्या पॅपिलिओ वंशात टाकलं होतं.

आणि कॅक्टोब्लास्टिस या पतंगाची गोष्ट तर प्रत्येक कृषिमंत्र्याला माहीत असायला हवी. ऑस्ट्रेलियात बाहेरून आणलेलं फड्या निवडुंग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोट्यवधी एकर जमिनीवर पसरलं होतं, शेतं सोडून लोक निघून जात होते. १९२५ मध्ये अर्जेंटिनाहून एका मळकट तपकिरी पतंगाची अंडी आणली, त्याच्या अळ्या निवडुंग आतून पोखरतात, आणि काही वर्षांत तो डोंगराएवढा प्रश्न जवळजवळ मिटला. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा इथे लोकांनी या पतंगाच्या आठवणीसाठी सभागृह बांधलं. पतंगाच्या नावाने! आणि तोच पतंग १९८९ मध्ये फ्लोरिडात सापडला तेव्हा तिथल्या मूळच्या निवडुंगांना धोका म्हणून तो शत्रू ठरला. किडा तोच, अळी तीच, भूक तीच. बदललं काय तर त्याच्यासमोर कुठलं झाड होतं आणि ते झाड तिथल्या माणसांना हवं होतं की नको होतं.

मुळात फुलपाखरं वेगळी आणि पतंग वेगळे ही सीमारेषाच आपण समजतो तशी नाहीये. लेपिडोप्टेरात आजवर नोंदलेल्या दीड लाखाहून जास्त प्रजाती आहेत आणि त्यातली फुलपाखरं जेमतेम १८-१९ हजार. जवळपास २,३०० फुलपाखरांच्या डीएनएचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार फुलपाखरं साधारण १० कोटी वर्षांपूर्वी अमेरिका खंडात रात्री उडणाऱ्या पतंगांपासूनच निघाली. म्हणजे फुलपाखरू ही पतंगांच्याच झाडाची दिवसा उडणारी एक फांदी. आपण त्या एका फांदीसाठी बागा लावतो, दिवस साजरे करतो, शाळेत प्रोजेक्ट देतो, आणि बाकीच्या झाडाकडे बल्बभोवतीचा त्रास म्हणून बघतो. ब्रिटनमध्ये १९६८ पासून पतंगांसाठी प्रकाश सापळे लावून नोंदी ठेवल्या गेल्या म्हणून तरी कळलं की २०१७ पर्यंत तिथे मोठ्या पतंगांची सापडणारी संख्या ३३ टक्क्यांनी घटली. यातले बहुतेक पतंग पिकांवरचे नाहीत, हे रात्री फुलांवर जाणारे, ज्यांच्या अळ्यांवर पक्ष्यांची पिल्लं वाढतात असे साधे पतंग. किती ठिकाणी अशा नोंदीच नाहीत तिथे काय झालं असेल याचा विचार करून मला खरंच भीती वाटते.

आता धोरणाकडे येऊ. लष्करी अळी २०१६ च्या सुरुवातीला पश्चिम आफ्रिकेत पहिल्यांदा नोंदली गेली आणि दोन वर्षांत सहाराच्या दक्षिणेकडचे बहुतेक सगळे देश तिने गाठले. २०१८ मध्ये भारतात, कर्नाटकात, २०१९ मध्ये चीनमध्ये, २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात. २०१७ मध्ये काबी (CABI) या शेतीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अंदाज काढला की काहीच उपाय केले नाहीत तर आफ्रिकेतल्या मका पिकवणाऱ्या फक्त १२ देशांत वर्षाला ८३ लाख ते २ कोटी ६ लाख टन मका जाऊ शकतो. हा आकडा भीतीदायक आहे आणि तो ऐकून सरकारं घाबरली हे मी समजू शकतो. मग काय झालं, तर अनेक ठिकाणी कीटकनाशकं फुकट नाहीतर स्वस्तात वाटली गेली, त्यात जुनी, सगळ्यांनाच मारणारी, माणसाला घातक अशी औषधंही होती, आणि ती फवारणाऱ्यांकडे धड हातमोजेसुद्धा नव्हते.

पण नुकसान नेमकं किती होत होतं? सुरुवातीला शेतकऱ्यांना विचारून जे सर्व्हे झाले त्यात घानामध्ये सरासरी ४५ टक्के आणि झांबियात ४० टक्के घट असं उत्तर आलं. नंतर पूर्व झिंबाब्वेमध्ये शेतात जाऊन झाडं मोजून, उत्पादन मोजून अभ्यास झाला, २०१९ मध्ये तो छापून आला, त्यात घट निघाली साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. प्रदेश वेगळा, हंगाम वेगळा, पद्धत वेगळी, त्यामुळे हे आकडे सरळ शेजारी ठेवून शेतकरी वाढवून सांगतात असं म्हणणं चूक होईल. पण एक गोष्ट मक्याच्या झाडाकडे बघितलेल्या कुणालाही माहीत असते, की फाटकी-तुटकी भोकं पडलेली पानं दिसायला भयंकर दिसतात आणि तरी झाड सावरतं, कणीस धरतं. नजरेला जेवढं दिसतं तेवढं पोत्यात कमी होतंच असं नाही. म्हणजे इथेही परत तेच, दिसण्यावरून निकाल. फुलपाखराच्या बाबतीत दिसण्यावरून प्रेम आणि अळीच्या बाबतीत दिसण्यावरून घबराट.

यावर सगळ्यात जड आक्षेप आहे तो असा की ज्याचं एक-दोन एकराचं शेत आहे आणि वर्षाचं धान्य त्यातूनच निघतं त्याला साडेअकरा टक्केसुद्धा खूप आहेत, त्याने काय बसून बघायचं का, आणि तुम्ही लेख लिहिणाऱ्यांनी त्याला परिसंस्था शिकवायची का. आक्षेप एकदम रास्त आहे. ज्याच्या पोटावर येतं त्याने हात बांधून बसावं असं कुणीही सांगू नये, मी तर नाहीच नाही. अळ्यांची संख्या नुकसानीच्या पातळीवर गेली तर मारल्याच पाहिजेत, गरज पडली तर औषधानेही. पण फवारणी त्याच्या फायद्याची आहे का हाच तर प्रश्न आहे. पोंग्यातल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही आणि बाहेर फिरणाऱ्या मित्रकीटकांपर्यंत ते बरोबर पोचतं, गांधीलमाश्यांपर्यंत, कोळ्यांपर्यंत, तिच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालणाऱ्या मोहरीच्या दाण्याहूनही बारीक माश्यांपर्यंत. शिवाय ही अळी औषधांना सरावते. प्वेर्तो रिकोमध्ये तर बीटी मक्यालाही, म्हणजे जनुक बदलून अळीला मारणारं विष ज्याच्यातच तयार होतं त्या मक्यालाही, ती काही वर्षांतच पुरून उरली. म्हणजे शेतकऱ्याने पैसे घालायचे, अंगावर विष घ्यायचं, आणि पुढच्या हंगामात तीच अळी आणखी चिवट होऊन आणि तिचे शत्रू आणखी कमी होऊन परत येणार.

याला दुसरे मार्ग नाहीत असं नाही, आणि ते कागदावरचे पण नाहीत. पूर्व आफ्रिकेत मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम ही शेंगावर्गीय वनस्पती आणि कडेने ब्राकियारिया गवत लावायची पुश-पुल पद्धत आहे, डेस्मोडियमच्या वासाने पतंग शेतातून दूर जातो आणि कडेच्या गवताकडे ओढला जातो, त्या शेतांत शेजारच्या नुसत्या मक्याच्या शेतांपेक्षा झाडामागे अळ्या ८० टक्क्यांहून जास्त कमी मिळाल्या, हा अभ्यास २०१८ चा आहे. वर डेस्मोडियम जनावरांचा चारा होतो आणि जमिनीला नत्र देतो. अंडीपुंज हाताने चुरडणं, पोंग्यात वाळू किंवा राख टाकणं, मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावून पतंग कधी आले हे आधी ओळखणं, आंतरपीक, आणि लहान अळ्या असतानाच, म्हणजे त्या पोंग्यात शिरायच्या आत, गरज असेल तिथेच औषध. यात कष्ट आहेत, मजुरी आहे, शेतात आठवड्यातून दोनदा फिरून बघायला लागतं, आणि ते करायला आधी अळी ओळखता यायला हवी. उलटा वाय आणि चार ठिपके बघितल्याशिवाय दिसेल त्या अळीवर फवारा मारला तर त्यात जाणाऱ्या अनेक अळ्या निरुपद्रवी असतात, काही तर पुढे फुलपाखरंच होणाऱ्या असतात.

फुलपाखरांच्या प्रदर्शनांनाही माझा विरोध नाही. कोस्टारिकात मॉर्फो पाळून त्यांचे कोष परदेशात पाठवणं हा १९८० च्या दशकापासूनचा व्यवसाय आहे, त्यातून गावांना पैसे मिळतात आणि जंगल राखायला एक कारण मिळतं. पण लाखो मुलं तिथे जातात आणि फक्त पंख बघून बाहेर येतात. पतंगांपैकी कुणाला जागा मिळालीच तर ती अ‍ॅटलास मॉथला, तोही प्रचंड आणि देखणा आहे म्हणून. तिथे मॉर्फोची अळी पानं कशी फस्त करते हे दाखवा, तिच्याशेजारी बंद काचेत लष्करी अळीने पोखरलेला पोंगा ठेवा, आणि अंडीपुंजावर बसलेली ती बारीक माशी भिंगाखाली ठेवा. मुलांना ते पंखांइतकंच आवडेल याची मला खात्री आहे.

आणि सरकारी पैशाबद्दल शेवटचं. औषध बाटलीत भरून विकता येतं म्हणून त्याला कंपनी आहे, जाहिरात आहे, दुकान आहे. शेतात आपोआप असलेली परोपजीवी माशी बहुतेक कुणी विकत नाही, म्हणून तिच्या बाजूने बोलायला कुणी नसतं. टेलेनोमस रेमस नावाची अशी एक माशी लष्करी अळीची अंडी मारते, आणि ती बाहेरून आफ्रिकेत आणून सोडावी का यावर विचार चालू असतानाच २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून कळलं की ती तिथल्या पाच देशांत आधीच आहे, कुणीही न सोडता. हे कळलं ते कुणीतरी शेताशेतांत जाऊन अंडीपुंज गोळा केले, प्रयोगशाळेत ठेवले आणि त्यातून काय बाहेर येतंय हे बघत बसलं म्हणून. अळीच्या संकटासाठी जे बजेट काढलं जातं त्यातून सगळ्यात आधी या माणसांचे पगार निघायला हवेत, औषधाची खरेदी त्यांनी काय सापडलं हे सांगितल्यानंतर.